तत्त्व, सिद्धांत आणि आपली मराठी शाळा



सुरतेत ‘धोरण’ म्हणजे इयत्ता. गुजराती शाळेतल्या मुलाला विचारले तर तो ‘धोरण पाच’ म्हणून सांगतो. अमळनेर-दोंडाईच्याहून पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांना याची गंमत वाटते, कारण मराठीत धोरण म्हणजे सरकारने किंवा संस्थेने वागण्यासाठी ठरवलेले सूत्र. शब्द एकच, पण राज्याची सीमा ओलांडली की अर्थ बदलतो. लिंबायतमधल्या आपल्या मराठी माणसांचेही असेच झाले आहे. जळगावात आपण बहुसंख्य, आणि ताप्ती लाइनच्या गाडीत बसून उधन्याला उतरलो की अल्पसंख्य! माणूस तोच, भाषा तीच. मग बदलले काय? बदलला तो एक सिद्धांत.

पालकसभेत आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘गुजरातमध्ये मराठी शाळा कोणाच्या मेहेरबानीने चालते? उद्या कोणी बंद करा म्हटले तर?’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या कायद्याच्या कलमात सापडत नाही. त्यासाठी धर्म, राजकारण आणि कायदा या तिन्ही ठिकाणी सिद्धांत कसे जन्मतात आणि कसे काम करतात हे थोडे समजून घ्यावे लागते. या अंकात आपण तेच पाहणार आहोत.

सिद्धांत म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला डॉक्ट्रिन म्हणतात त्याला आपण तत्त्व किंवा सिद्धांत म्हणतो. कलम आणि सिद्धांत यांत फरक आहे. कलम संसद किंवा विधानसभा लिहिते आणि ते छापील पुस्तकात असते. सिद्धांत मात्र भांडणातून तयार होतो. एकाच तऱ्हेचे वाद पुन्हा पुन्हा येऊ लागले की जाणती माणसे त्यांतून एक आटोपशीर सूत्र काढतात. पुढचे वाद त्या सूत्रावरून सुटू लागतात. मूळ भांडण लोक विसरून जातात, पण सूत्र मागे राहते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या राज्यघटनेचेच घ्या. ‘संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत संरचना मोडू शकत नाही’ हा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सांगितला. गंमत अशी की, हा नियम घटनेच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तेरा न्यायाधीश बसले होते आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर आज देशाची गोष्ट वेगळी असती. तेरा न्यायाधीश का बसवावे लागले? कारण १९६७ च्या गोलकनाथ खटल्याचा निकाल अकरा न्यायाधीशांनी दिला होता, आणि त्याचा फेरविचार करायला त्याहून मोठे पीठ हवे होते. सिद्धांत माणसेच करतात आणि तो बदलण्याची रीतही माणसांनीच ठरवलेली असते, ही पहिली गोष्ट आपण लक्षात ठेवू.

धर्मातला सिद्धांत : भडोचहून गेलेला एक माणूस

सुरतेहून रेल्वेने तासाभरावर भडोच आहे. महानुभाव पंथाच्या परंपरेनुसार चक्रधर स्वामी मूळचे तिथले, पूर्वाश्रमीचे नाव हरिपाळदेव. तेराव्या शतकात ते यादवांच्या राज्यात आले आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे मराठीत, उपदेश करू लागले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ एकमेकांहून वेगळे आणि अनादी आहेत, हा त्यांच्या पंथाचा मुख्य सिद्धांत. त्यांनी संन्यासाची वाट स्त्रिया व शूद्रांनाही मोकळी केली. त्यांच्या शिष्या महदाइसा सारखे प्रश्न विचारत आणि चक्रधर उत्तरे देत. ते प्रश्न आणि ती उत्तरे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त नोंदवली. पुढे केशोबासांनी त्यांतली वचने निवडून ‘सूत्रपाठ’ तयार केला. आधी माणसे, त्यांचे प्रश्न, त्यांचे संवाद, आणि नंतर त्यांतून काढलेली सूत्रे! सिद्धांत कसा तयार होतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

केशोबास संस्कृतचे पंडित होते. धर्माचे ग्रंथ संस्कृतात लिहावेत असे त्यांच्या मनात होते. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिलेत तर आमच्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. कोणत्या भाषेत शिकवायचे हा प्रश्न म्हणजे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हाच प्रश्न, हे सातशे वर्षांपूर्वी त्यांना कळले होते.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. पुढच्या काळात त्याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. त्यामुळे सर्वांसाठी मराठीत सांगितलेले ज्ञान कित्येक शतके बाहेरच्यांना वाचता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे मराठीचे हे जुने धन सर्वांपुढे आले. तात्पर्य, सिद्धांत दार उघडतो तसाच दार बंदही करू शकतो. तो कोणाच्या हातात आहे आणि कोणत्या काळात आहे यावर ते ठरते.

राजकारणातला सिद्धांत : एक भाषा, एक राज्य

आता राजकारणाकडे वळू. ‘एका भाषेच्या लोकांचे एक राज्य असावे’ हा सिद्धांत आपल्या घराघराला शिवून गेला आहे. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे नेमायचे ठरवले. स्वातंत्र्यानंतर मात्र तेच नेते सावध झाले. १९४८ चा दार आयोग आणि १९४९ ची नेहरू, पटेल व पट्टाभी यांची समिती, दोघांनीही घाई नको असे सांगितले. पण लोकांनी तो सिद्धांत सोडला नाही. पोट्टी श्रीरामुलू यांचे उपोषणात १९५२ च्या डिसेंबरात निधन झाले आणि १९५३ साली आंध्र राज्य झाले. त्यानंतर फाजल अली आयोग नेमला गेला. १९५५ च्या अहवालात आयोगाने ‘एक भाषा, एक राज्य’ हे सूत्र जसेच्या तसे मान्य केले नाही आणि मुंबई राज्य द्वैभाषिक ठेवावे असे सुचवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. त्यांनी केलेला भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. एका राज्यात एक भाषा असावी हे त्यांना पटत होते. पण एका भेचे सगळे लोक एकाच राज्यात कोंबले पाहिजेत हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. मराठी भाषकांचीही एकाहून अधिक राज्ये असावीत असे त्यांनी सुचवले. भाषिक राज्यात बहुसंख्य समाजापुढे लहान समाजांचे काय होणार, ही काळजी त्यांनी त्याच पुस्तकात मांडली होती. वरवर सारखी दिसणारी दोन सूत्रे किती वेगळी असू शकतात ते पाहा!

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. तिकडे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन झाले, इकडे इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातचे. दोन्हीकडे रक्त सांडले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. ३० एप्रिलपर्यंत सुरत आणि जळगाव एकाच राज्यात होते. जळगावचा माणूस सुरतेला येई तेव्हा तो राज्याची सीमा ओलांडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस परराज्यातला झाला. पुढे लूम, प्रोसेस हाउस आणि मार्केटच्या कामासाठी खानदेशातून हजारो कुटुंबे सुरतेला आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थिरावली. ही सर्व कुटुंबे गुजरात राज्यात भाषिक अल्पसंख्य ठरली.

म्हणजे ज्या सिद्धांताने मराठी माणसाला त्याचे राज्य मिळवून दिले, त्याच सिद्धांताने राज्याबाहेरच्या मराठी माणसाला अल्पसंख्य केले. मुंबईतल्या गुजराती समाजाचेही तसेच झाले.

कायद्यातला सिद्धांत : मोजायचे कोठे?

घटनाकारांना आणि पुढच्या संसदेला याची जाणीव होती. कलम ३० प्रमाणे धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क आले. भाषिक अल्पसंख्य गटांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. स्थानिक संस्थेत महानगरपालिकाही आली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा : समाजाने काढलेल्या शाळेचा आधार कलम ३०, आणि पालिकेच्या मराठी शाळेचा आधार कलम ३५० क.

पण ‘अल्पसंख्य’ कोणाला म्हणायचे? घटनेत त्याची व्याख्या नाही. देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटींहून अधिक मराठी भाषक आहेत. त्यांना अल्पसंख्य कसे म्हणणार? इथेच न्यायालयाचा सिद्धांत कामाला येतो. राज्याच्या कायद्यापुरते पाहायचे तर अल्पसंख्य कोण हे त्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरवावे, हा विचार १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात पुढे आला. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो पक्का केला. त्यांचे कारण सरळ होते. राज्यांची पुनर्रचना भाषेच्या आधारावर झाली आहे, म्हणून अल्पसंख्य ठरवताना मोजमाप राज्यापुरते करायचे, देशाचे नाही. राजकारणातल्या एका सिद्धांताच्या पोटी कायद्यातला दुसरा सिद्धांत असा जन्माला आला.

हे समजायला ताप्ती लाइनवरचे नवापूर स्टेशन आठवावे. त्या स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. दोन्ही राज्यांची नावे रंगवलेल्या बाकावर मध्ये बसून लोक फोटो काढतात. त्या बाकावर बसलेला मराठी माणूस एका टोकाला बहुसंख्य आणि दुसऱ्या टोकाला अल्पसंख्य! गुजराती माणसाचे नेमके उलटे. हसू येते खरे, पण आपल्या शाळेचा हक्क याच रेघेवर उभा आहे.

दोन खटले, दोन्ही आपल्या कामाचे

गुजरात राज्य नवे असतानाच एक मोठा खटला झाला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या नावाने आहे. विद्यापीठाने नियम बदलल्यामुळे अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश मिळेना. वडील कोर्टात गेले. ते उच्च न्यायालयात जिंकले, आणि २१ सप्टेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार विद्यापीठाच्या कायद्याने विद्यापीठाला दिलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. शिक्षण तेव्हा राज्याचा विषय होता, पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे केंद्राकडे होते. दोन अधिकार एकमेकांवर आले की कायद्याचा गाभा कशाशी निगडित आहे ते पाहायचे, हा सिद्धांत त्या वेळी चर्चिला गेला. न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत लिहिले आणि ते निकालाबरोबर छापलेही गेले. कायद्यातली ही एक चांगली रीत आहे. हरलेला विचार पुसला जात नाही.

दुसरा खटला २००४ चा, उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य. इथे चित्र आरशात पाहावे तसे उलटे आहे. महाराष्ट्रातल्या गुजराती भाषक संस्थांच्या इंग्रजी शाळांनी मराठी विषयाच्या सक्तीला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अल्पसंख्य संस्थेला आपल्या पसंतीचे माध्यम निवडता येते, परंतु राज्याची भाषा एक विषय म्हणून शिकवण्यास राज्य सांगू शकते. मराठीची सक्ती कायम राहिली.

तो निकाल महाराष्ट्रात लागला तेव्हा मराठी माणसाला आनंद झाला असेल. पण तोच सिद्धांत इथे आपल्यालाही लागू होतो. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती भाषा शिकवणे बंधनकारक करणारा कायदा केला. मुंबईतल्या गुजराती मुलाने मराठी शिकावी असे आपल्याला वाटत असेल, तर लिंबायतच्या मराठी मुलाने गुजराती शिकण्याला आपण कुरकूर करू नये. सिद्धांताचा खरा कस इथेच लागतो. तो आपल्या सोयीचा असतानाच नव्हे, तर आपल्यावर उलटला तरीही मान्य असेल, तरच तो सिद्धांत. नाहीतर तो नुसता हट्ट. आणि गुजराती शिकल्याने आपली मुले आजवर काही गरीब झाली नाहीत, श्रीमंतच झाली.

मातृभाषा कोण ठरवणार?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. आपल्यातल्या पुष्कळ घरांत मराठीपेक्षा अहिराणी अधिक बोलली जाते. ‘आंडोर’, ‘बठ्ठा’ हे शब्द मुले घरून घेऊन येतात. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी केली. जनगणनेतही खानदेशी ही वेगळी भाषा मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात धरली जाते. २०११ साली तो आकडा १८ लाखांहून अधिक होता. मग अहिराणी बोलणाऱ्या मुलाची मातृभाषा कोणती? त्याला मराठी शाळेचा हक्क आहे की नाही?

६ मे २०१४ रोजी कर्नाटकातल्या इंग्रजी शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी याविषयी महत्त्वाची गोष्ट सांगितली. मुलाची मातृभाषा कोणती हे सरकारने नव्हे, तर पालकांनी ठरवायचे. प्राथमिक शाळेत अमुक माध्यम घ्या अशी सक्तीही सरकार करू शकत नाही. १९९३ साली दोन न्यायाधीशांच्या पीठाने मातृभाषेच्या धोरणाला मान्यता दिली होती. वीस वर्षांनी मोठ्या पीठाने वेगळे सांगितले. सिद्धांत बदलतो तो असा.

या निकालाने पालकांच्या हातात अधिकार दिला आणि जबाबदारीही दिली. पूर्वी म्हणता येत होते की सरकारच ठरवते. आता निवड आपली आहे. मराठी माध्यम निवडणारे पालकच उरले नाहीत, तर शाळा बंद करायला कोणत्याही सरकारची गरज पडणार नाही. हक्क घटनेच्या पुस्तकात तसाच राहील आणि वर्ग रिकामा होईल.

तीन प्रश्न

म्हणून आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे. कोणताही सिद्धांत कानावर आला, मग तो कीर्तनात असो, सभेत असो की बातम्यांत, आधी तीन प्रश्न विचारा. हा कोणत्या भांडणातून जन्मला? तो कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो? आणि तो बदलायचा असेल तर कोठे जायचे? न्यायालयाचा सिद्धांत मोठ्या पीठापुढे बदलतो, राजकारणाचा मतपेटीतून आणि संसदेतून. धर्माचा सिद्धांत प्रश्न विचारणाऱ्या शिष्यांमुळे जिवंत राहतो, महदाइसाने ते दाखवूनच दिले आहे. जिथे तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही, तिथे सावध राहावे.

पालकांनाही एक विनंती. प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना असतो. घाईत कोणीतरी भरून देतो आणि आपण सही करतो. यापुढे तो रकाना स्वतः वाचा, घरात बोलून ठरवा आणि स्वतः भरा. घरी अहिराणी असेल तर ती अभिमानाने बोला. जनगणनेत खरे तेच सांगा. मुलाने कोणत्या भाषेत शिकायचे हा निर्णय वेगळा आहे आणि तो तुमचाच आहे. रेघेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या मुलांना दोन्हीकडची भाषा यावी आणि आपला हक्क कोठून आला हेही त्यांना सांगता यावे, यासाठी ही शाळा आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी आजोळी जाताना गाडी नवापूरला थांबली की खिडकीतून जरूर पाहा. आणि ती रेघ कोणी आखली हे शेजारी बसलेल्या लहान भावंडांना समजावून सांगा.